कॅनडाच्या उत्तरेकडील दुर्गम वस्त्यांची प्रवासी रेल्वे परत येईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोरंटो परिसरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे, नॉर्थ बे, टिमिन्स आणि सू सेंट मरी येथे शिकायला आलेले विद्यार्थी आणि महाराष्ट्रात बसून जगभरच्या रेल्वेची आस्थेने माहिती ठेवणारे वाचक यांच्याकडून या विषयावर सतत प्रश्न येत असतात. त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सर्व रकमा कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत.

१. "उत्तरेकडील दुर्गम वस्त्या" म्हणजे नेमका कोणता भाग? तिथे लोक तरी किती राहतात?

या पानावर मुख्यतः ऑन्टारिओ प्रांताच्या उत्तर भागाचा विचार केला आहे आणि तुलनेसाठी मॅनिटोबा, क्वेबेक व ब्रिटिश कोलंबिया येथील मार्ग घेतले आहेत. ऑन्टारिओच्या एकूण भूभागापैकी सुमारे ८७ टक्के भूभाग उत्तरेत मोडतो, पण प्रांतातील जेमतेम ६ टक्के लोक तिथे राहतात. जंगल, तळी, खाणी, लाकडाच्या गिरण्या आणि त्यांच्या आधाराने वसलेली लहान गावे असे त्याचे रूप आहे. क्री, ओजिब्वे आणि इतर मूलनिवासी समाजांची वस्ती तर या सर्वांच्या कितीतरी आधीची आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गाव आधी होते आणि रेल्वे नंतर आली. येथे अनेक ठिकाणी रेल्वे आधी आली आणि गाव तिच्या कडेला उभे राहिले. १९०२ मध्ये ऑन्टारिओ शासनाने शेतीयोग्य जमिनीपर्यंत पोहोचण्यासाठी टेमिस्कमिंग अँड नॉर्दर्न ऑन्टारिओ रेल्वे स्थापन केली, १९०३ मध्ये तिचे काम चालू असतानाच कोबाल्ट येथे चांदी सापडली आणि पुढची कित्येक शहरे त्या शोधामागून आली. या गावांची गाडी बंद होते तेव्हा एक सोय कमी होते इतकेच नाही, तर गाव जिथे आहे तिथे का आहे याचे कारणच नाहीसे होते.

२. नॉर्थलँडर ही कोणती गाडी होती आणि ती बंद का झाली?

नॉर्थलँडर ही टोरंटो ते कॉक्रेन धावणारी प्रवासी गाडी. वर उल्लेखिलेल्या रेल्वेचे नाव १९४६ मध्ये ऑन्टारिओ नॉर्थलँड झाले. ही प्रांतिक शासनाच्या मालकीची संस्था असून तिचे मुख्यालय नॉर्थ बे येथे आहे. मार्च २०१२ मध्ये तत्कालीन प्रांतिक शासनाने ही संस्थाच विकून टाकण्याचा निर्णय जाहीर केला, वाढते अनुदान आणि न वाढणारी प्रवासीसंख्या ही कारणे पुढे केली आणि २८ सप्टेंबर २०१२ रोजी नॉर्थलँडरची शेवटची फेरी झाली.

त्यानंतर जे घडले ते प्रत्येक करदात्याने वाचावे असे आहे. संस्था विकल्याने २६ कोटी ५९ लाख डॉलर वाचतील, असे अंदाजपत्रकात गृहीत धरले होते. डिसेंबर २०१३ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी विशेष अहवालात दाखवून दिले की कर्मचाऱ्यांची निवृत्तिवेतने, पर्यावरणीय जबाबदाऱ्या आणि इतर देणी धरली तर विक्रीचाच खर्च ८२ कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो. २०१४ मध्ये शासनाने माघार घेतली, दूरसंचार विभाग तेवढा विकला आणि उरलेली संस्था स्वतःकडे ठेवली. मात्र तोवर प्रवासी गाडी गेलेली होती. ती थांबवण्यास सहा महिने पुरले आणि परत आणण्यास दशकाहून अधिक काळ लागत आहे.

३. ती खरोखर परत येणार आहे, की ही निवडणुकीपुरती घोषणा आहे?

ही शंका रास्त आहे, कारण गाडी परत आणण्याचे आश्वासन २०१८ च्या निवडणुकीतलेच आहे. पण या वेळी केवळ आश्वासन उरलेले नाही. २०२१ मध्ये प्राथमिक व्यवहार्यता अहवाल आला. एप्रिल २०२२ मध्ये सुधारित अहवालाने टोरंटोहून टिमिन्सपर्यंत थेट गाडी आणि कॉक्रेनपर्यंत जोडसेवा हा पर्याय निश्चित केला व ७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद जाहीर झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सीमेन्स कंपनीकडे तीन नव्या गाड्यांची १३ कोटी ९५ लाख डॉलरची मागणी नोंदवली गेली. त्यानंतर रुळांची सुधारणा, थांब्यांवरील निवारे आणि टिमिन्सच्या नव्या स्थानकाचे काम हाती घेण्यात आले. शासनाने सेवा सुरू होण्यासाठी २०२६ हे वर्ष जाहीर केले आहे.

एखादी रेल्वे घोषणा खरी आहे की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: डब्यांची मागणी नोंदवली गेली आहे काय? अहवाल कितीही लिहिता येतात, पण कारखान्यात डबे बांधले जाऊ लागले की माघार घेणे महाग पडते. नॉर्थलँडर या कसोटीला उतरली आहे. या पानावरील इतर काही मार्ग अद्याप उतरलेले नाहीत (प्रश्न ८ आणि १२ पाहा).

४. गाडी कोठे कोठे थांबेल आणि किती वेळ घेईल?

नियोजित मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबई-नागपूर रेल्वेमार्गापेक्षा थोडा कमी. त्यावर १६ थांबे आहेत: टोरंटोचे युनियन स्थानक, लँगस्टाफ, गॉर्मली, वॉशागो, ग्रेव्हनहर्स्ट, ब्रेसब्रिज, हंट्सव्हिल, साउथ रिव्हर, नॉर्थ बे, टेमागामी, टेमिस्कमिंग शोअर्स, एंगलहार्ट, कर्कलँड लेक, मॅथेसन, टिमिन्स आणि कॉक्रेन. टोरंटो ते टिमिन्स प्रवासाला १० ते ११ तास लागतील असा अंदाज आहे. हंगामातील मागणीनुसार आठवड्यातून चार ते सात दिवस गाडी धावेल आणि २०४१ पर्यंत वर्षाला ४० ते ६० हजार प्रवासी मिळतील, असे अहवालात धरले आहे.

मराठी वाचकांना कर्कलँड लेकजवळच्या जुन्या थांब्याचे नाव वाचून नेहमी आश्चर्य वाटते. ते नाव "स्वस्तिक" असे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी खाणीमुळे वसलेल्या या वस्तीने हे शुभचिन्हाचे नाव घेतले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बदलण्याचा प्रयत्न झाला तेव्हा गावकऱ्यांनी तो मानला नाही.

५. पूर्वीची गाडी टिमिन्सला जात नव्हती. मग आता ती जाणार असेल, तर शहराच्या मध्यभागी का नाही?

जुन्या नॉर्थलँडरच्या शेवटच्या काळात टिमिन्सचे प्रवासी मॅथेसनला उतरून बसने पुढे जात असत. टिमिन्स हे या पट्ट्यातले मोठे शहर असल्याने त्याला थेट गाडी देणे हा नव्या आराखड्यातील सर्वांत शहाणपणाचा बदल आहे. मात्र शहराच्या मध्यभागापर्यंतचे रूळ आज अस्तित्वात नाहीत, त्यामुळे नवे स्थानक पूर्वेकडील पोर्क्युपाइन भागात उभारले जात आहे. तेथून शहरात येण्यासाठी स्थानिक बसचे वेळापत्रक गाडीच्या वेळेशी जुळवले गेले नाही, तर वृद्ध प्रवाशांची अडचण कायम राहील. एकदा रूळ उखडले की काय होते याचे हे लहानसे उदाहरण आहे. याविषयी अधिक प्रश्न १२ मध्ये आहे.

६. रूळ आहेत, मालगाड्या रोज धावतात. मग प्रवासी गाडी सुरू करायला इतकी वर्षे कशाला लागतात?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागते.

पहिली अडचण मालकीची. भारतात एका झोनमधून दुसऱ्या झोनमध्ये गाडी गेली तरी रूळ अखेर एकाच भारतीय रेल्वेचे असतात. कॅनडात तसे नाही. टोरंटोच्या उपनगरी भागात मेट्रोलिंक्स ही प्रांतिक संस्था, तेथून नॉर्थ बेपर्यंत कॅनेडियन नॅशनल ही खासगी मालवाहतूक कंपनी आणि नॉर्थ बेच्या पुढे ऑन्टारिओ नॉर्थलँड अशी एकाच गाडीच्या वाटेत तीन घरे येतात. प्रत्येकाशी वेळापत्रक, भाडे, विमा आणि विलंबाची जबाबदारी यांचे स्वतंत्र करार करावे लागतात. राष्ट्रीय प्रवासी सेवा चालवणाऱ्या व्हिया रेलची अवस्थाही वेगळी नाही. ती ज्या मार्गांवर धावते त्यांपैकी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास मार्ग तिच्या मालकीचे आहेत.

दुसरी अडचण प्राधान्याची. अमेरिकेत प्रवासी गाडीला मालगाडीपेक्षा आधी वाट द्यावी असा कायदा आहे; त्याची अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण कायदा आहे. कॅनडात तसा कायदा नाही. त्यातच अलीकडे मालगाड्या इतक्या लांब झाल्या आहेत की एकेरी मार्गावरील लूप लाइनमध्ये त्या मावतच नाहीत. दोन गाड्या समोरासमोर आल्या की लहान असलेली प्रवासी गाडीच बाजूला जाऊन उभी राहते. ११ तासांचा प्रवास १३ तासांचा होतो तो येथेच.

तिसरी अडचण रुळांच्या दर्जाची. जो मार्ग संथ मालगाडीला पुरतो, तो प्रवाशांना सोसवेल अशा वेगासाठी पुरत नाही. स्लीपर बदलणे, खडी भरणे, सांधे असलेल्या रुळांच्या जागी जोडलेले अखंड रूळ टाकणे आणि फाटकांवरचे सिग्नल नव्या वेगानुसार लावणे, ही सर्व कामे बर्फ नसलेल्या पाच-सहा महिन्यांतच करता येतात. नॉर्थ बे येथे दोन रेल्वेंचे मार्ग थेट जोडणारा छोटासा जोडमार्ग बांधावा लागला, तोही गाडीचा वेळ वाचवण्यासाठी.

आणि अखेर गाड्या. १९७७ मध्ये याच नॉर्थलँडरसाठी युरोपातील आलिशान ट्रान्स युरोप एक्सप्रेसच्या जुन्या गाड्या आणल्या होत्या. डबे उत्तम होते, परंतु इंजिने येथील हिवाळ्यात टिकली नाहीत आणि ती बदलावी लागली. उणे ३५ अंशांत दरवाजे, ब्रेकच्या नळ्या आणि शौचालयाचे पाणी गोठणार नाही अशी गाडी बाजारात तयार मिळत नाही.

७. बस आहे, विमान आहे. गाडीच कशाला हवी?

नॉर्थ बेच्या उत्तरेला महामार्ग ११ बहुतांश ठिकाणी दोनच पदरी आहे आणि त्यावरून देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारे अवजड ट्रक धावतात. हिमवादळात किंवा अपघातानंतर तो बंद होतो, तेव्हा बसही बंद होते, कारण पर्यायी रस्ता एक तर नसतो किंवा शेकडो किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो. एका फेब्रुवारीत मी स्वतः अशा बंद रस्त्यामुळे एका लहान गावातील पेट्रोल पंपावर रात्रभर बसून काढली आहे. माझ्या शेजारच्या आजींना दुसऱ्या दिवशी सकाळी टोरंटोच्या रुग्णालयात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पोहोचायचे होते. त्या पोहोचल्या नाहीत.

वैद्यकीय प्रवास हा या मागणीचा गाभा आहे. उत्तरेतील रुग्णांना तज्ज्ञ डॉक्टरांसाठी दक्षिणेत जावे लागते, हे शासनालाही मान्य आहे. म्हणूनच नॉर्दर्न हेल्थ ट्रॅव्हल ग्रँट या नावाचे प्रवासाचे अनुदान दिले जाते. परंतु गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा केमोथेरपी घेऊन परतणाऱ्या माणसाला बसच्या आसनात दहा-बारा तास बसवणे आणि रेल्वेत उठून चालता येणे, शौचालय वापरता येणे, व्हीलचेअरसह लिफ्टने चढता येणे यांत फार अंतर आहे. विमान वेगवान आहे, पण त्याचे भाडे विद्यार्थ्याला किंवा निवृत्ताला वारंवार परवडणारे नाही आणि मधल्या टेमागामी किंवा साउथ रिव्हरसारख्या गावांना विमानाचा उपयोग नाही.

८. सू सेंट मरी ते हर्स्ट ही अल्गोमा मार्गावरची गाडी परत येण्याची शक्यता किती?

आजच्या घडीला कमी, आणि या विषयातील ही सर्वांत क्लेशदायक बाब आहे असे मी मानतो.

अल्गोमा सेंट्रल रेल्वेचा ४७६ किलोमीटरचा मार्ग १९१४ मध्ये हर्स्टपर्यंत पूर्ण झाला. वाटेत अशी तळी, शिकारीच्या झोपड्या, पर्यटकांची विश्रामगृहे आणि जुन्या वस्त्यांच्या जागा आहेत जिथे पोहोचण्यासाठी रेल्वे हाच खरा मार्ग होता. २००१ पासून हा मार्ग कॅनेडियन नॅशनलकडे होता आणि प्रवासी गाडीसाठी केंद्र शासन वर्षाला सुमारे २२ लाख डॉलर अनुदान देत असे. जानेवारी २०१४ मध्ये ते बंद करण्याचे जाहीर झाले. लोकांनी आवाज उठवल्यावर वर्षभराची मुदतवाढ मिळाली, नवी खासगी चालक कंपनी निवडली गेली, पण तिला आर्थिक पाठबळ उभे करता आले नाही आणि जुलै २०१५ मध्ये गाडी थांबली.

यानंतर मिसनाबी क्री फर्स्ट नेशन (फर्स्ट नेशन म्हणजे कॅनडातील मूलनिवासी समाज) या समाजाने स्वतः गाडी चालवण्याचा प्रस्ताव मांडला. गाडीचे नाव त्यांच्या भाषेत "मास्क्वा ऊताबान", म्हणजे अस्वलगाडी. स्थानिक नगरपालिका, विश्रामगृहांचे मालक आणि प्रवासी यांची आघाडी त्यांच्या पाठीशी राहिली. अडचण पैशाची तर होतीच, पण त्याहून मोठी अडचण रूळ दुसऱ्याच्या मालकीचे असण्याची होती. २०२२ मध्ये मार्गाची मालकी वॉटको या अमेरिकी कंपनीकडे गेली. सू सेंट मरीहून अगावा दरीपर्यंतची पर्यटक गाडी धावते आणि लोकप्रिय आहे. म्हणजे त्या टप्प्यात तरी प्रवासी डबे सुरक्षितपणे चालवता येतात हे दर हंगामात सिद्ध होते. तरीही वस्तीवरच्या माणसाला त्या गाडीचा उपयोग नाही, कारण ती दरी दाखवून परत फिरते.

९. "दुर्गम" कोणाला म्हणायचे हे कोण ठरवते? अल्गोमाला तो दर्जा का नाकारला?

केंद्राचे वाहतूक मंत्रालय ठरवते आणि ढोबळ निकष असा आहे की वर्षभर वापरता येईल असा रस्ता ज्या वस्तीला नाही ती दुर्गम. व्हिया रेलच्या विनिपेग-चर्चिल, सडबरी-व्हाइट रिव्हर, जॅस्पर-प्रिन्स रूपर्ट, मॉन्ट्रियल-जाँकिएर आणि मॉन्ट्रियल-सेनतेर या गाड्यांना अशा प्रादेशिक व दुर्गम सेवेसाठी निधी मिळतो. अल्गोमाबाबत मंत्रालयाचे म्हणणे असे होते की त्या मार्गावरील गावे रस्त्याने जोडली गेली आहेत.

नकाशावर रस्ता दिसतो हे खरे आहे. पण तो अनेकदा लाकूडतोड कंपनीचा कच्चा रस्ता असतो, हिवाळ्यात त्यावरचा बर्फ काढायचा की नाही हे कंपनीच्या कामावर अवलंबून असते आणि पूल वाहून गेल्यास तो पुन्हा बांधण्याचे बंधन कोणावर नसते. ज्या निकषात "रस्ता आहे" एवढेच पाहिले जाते आणि "स्वतःची मोटार नसलेला माणूस त्यावरून जाऊ शकतो का" हे पाहिले जात नाही, तो निकष बदलला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. याच निकषावर नॉर्थलँडरही केंद्राच्या दुर्गम योजनेत बसत नाही. ती परत येत आहे ती प्रांताच्या निर्णयामुळे.

१०. चर्चिलचा मार्ग वाहून गेला होता, तरी तो दीड वर्षात सुरू झाला. तिथे जमले ते इतरत्र का जमत नाही?

चर्चिल हे हडसन उपसागराच्या काठावरील सुमारे ९०० वस्तीचे गाव. तिथे रस्ता नाही. १९२९ मध्ये पूर्ण झालेला रेल्वेमार्ग हीच जमिनीवरची एकमेव वाट. मे २०१७ मध्ये पुराने हा मार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला. भराव खचले, मोऱ्या उखडल्या आणि रूळ हवेत लोंबकळू लागले. तत्कालीन खासगी मालक कंपनीने दुरुस्तीचा खर्च परवडत नसल्याचे सांगितले, आणि केंद्र शासन व कंपनी यांच्यात जबाबदारी कोणाची यावर वाद चालू असताना गावात किराणा विमानाने येत होता. त्याच्या किमती किती वाढल्या असतील याची कल्पना करावी. अडकून पडलेली प्रवासी गाडी अखेर जहाजावर चढवून बाहेर काढावी लागली.

कोंडी फुटली ती मालकी बदलल्यावर. ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस फर्स्ट नेशन समाज, उत्तरेकडील गावे आणि खासगी गुंतवणूकदार यांनी मिळून स्थापन केलेल्या आर्क्टिक गेटवे समूहाने मार्ग व बंदर विकत घेतले. केंद्राने खरेदी व दुरुस्तीसाठी ७ कोटी ४० लाख आणि पुढील १० वर्षे चालवण्यासाठी ४ कोटी ३० लाख डॉलर दिले. नव्या मालकांनी दोन महिन्यांत रूळ जोडले आणि डिसेंबर २०१८ च्या आरंभी प्रवासी गाडी चर्चिलला पोहोचली. २०२१ मध्ये खासगी गुंतवणूकदार बाहेर पडले आणि संपूर्ण मालकी स्थानिक समाजांकडे आली.

म्हणजे येथे तीन गोष्टी एकत्र आल्या: दुसरा रस्ता नसल्यामुळे "दुर्गम" या दर्जाविषयी वाद नव्हता, रुळांचा मालक गाडी हवी असलेलाच माणूस होता आणि चालवण्याच्या खर्चाची हमी एका वर्षाची नव्हे तर दहा वर्षांची होती. अल्गोमाला यातली एकही गोष्ट मिळाली नाही. चर्चिलचा धोका मात्र संपलेला नाही. हा मार्ग दलदल आणि कायम गोठलेल्या जमिनीवरून जातो. हवामान तापते तशी ती जमीन विरघळते आणि भराव दरवर्षी नव्याने सांभाळावा लागतो.

११. मूलनिवासी समाजांनी स्वतः रेल्वे चालवल्याची आणखी उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि त्यांचा अभ्यास अधिक व्हायला हवा. क्वेबेक-लॅब्राडोरमध्ये लोहखनिजासाठी १९५४ मध्ये बांधलेल्या मार्गाचा शेफरव्हिलकडील सुमारे २१७ किलोमीटरचा टप्पा खाण कंपनीला नकोसा झाला, तेव्हा दोन इन्नू समाज आणि कावावाचिकामाकचा नास्कापी समाज यांनी तो घेतला. २००५ पासून त्यांची त्शिउएतिन रेल्वे सेतील ते शेफरव्हिल गाडी चालवते. इन्नू भाषेत या नावाचा अर्थ उत्तरेचा वारा. उत्तर अमेरिकेत फर्स्ट नेशनच्या मालकीची ही पहिली रेल्वे. मॅनिटोबात द पा ते पुकाटावागन या मार्गावर तीन फर्स्ट नेशन समाजांची कीवाटिन रेल्वे आहे.

या रेल्वे नफ्यात चालत नाहीत. त्यांना शासकीय अनुदान लागते. पण गाडीतला तिकीट तपासनीस, रुळांवरचा कामगार आणि इंजिनचालक त्याच वस्तीतला असतो, प्रवाशाची आजी कोणत्या तळ्याकाठी उतरणार हे त्याला माहीत असते आणि अनुदानातला मोठा हिस्सा पगाराच्या रूपाने गावातच राहतो.

१२. एखाद्या मार्गावरचे रूळच काढून टाकले तर काय?

तर बहुधा सर्व संपते. कॅनडाच्या कायद्यानुसार रेल्वे कंपनीला मार्ग सोडायचा असेल तर आधी तो आपल्या तीन वर्षांच्या आराखड्यात किमान १२ महिने दाखवावा लागतो, मग विक्रीची जाहिरात द्यावी लागते आणि खरेदीदार न मिळाल्यास शासन व नगरपालिकांना तो भंगाराच्या निव्वळ किमतीत देऊ करावा लागतो. हा शेवटचा टप्पा महत्त्वाचा आहे, कारण तेवढी किंमत मोजून मार्ग राखून ठेवता येतो. लहान नगरपालिकांकडे तेवढाही पैसा नसतो आणि मुदत निघून जाते.

रूळ जागेवर राहिले तरी गाडी हातची जाऊ शकते. ब्रिटिश कोलंबियात नॉर्थ व्हँकुव्हर ते प्रिन्स जॉर्ज धावणारी कॅरिबू प्रॉस्पेक्टर ही गाडी ऑक्टोबर २००२ मध्ये बंद झाली. मार्ग प्रांताच्या मालकीचा राहिला, पण २००४ पासून मालवाहतुकीचा हक्क दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कॅनेडियन नॅशनलकडे गेला. जमीन जनतेची असूनही तिच्यावर काय धावावे हे जनतेला ठरवता येत नाही, अशी ही स्थिती आहे. असा भाडेपट्टा करताना प्रवासी गाडीचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवला पाहिजे.

१३. तोट्यात चालणारी गाडी करदात्यांनी का पोसावी?

महामार्ग ११ वरून बर्फ काढण्याचा खर्च तोटा म्हणून कोणी मोजत नाही, विमानतळाच्या धावपट्टीचाही नाही. प्रति प्रवासी अनुदानाचा आकडा फक्त रेल्वेच्याच बाबतीत पुढे केला जातो. त्या आकड्यात मोठा दोषही आहे: आठवड्यातल्या फेऱ्या कमी केल्या, वेळा गैरसोयीच्या ठेवल्या की प्रवासी कमी होतात, स्थिर खर्च तेवढाच राहतो आणि प्रति प्रवासी अनुदान वाढते. मग तोच वाढलेला आकडा गाडी बंद करण्याचा पुरावा ठरतो. हिशेब करायचाच असेल तर रुग्णांच्या प्रवासाचे अनुदान, रस्ते अपघातांचा खर्च आणि गाव सोडून जाणाऱ्या तरुण कुटुंबांचा हिशेबही त्याच वहीत लिहावा. बंद करण्याच्या निर्णयाने प्रत्यक्षात किती बचत झाली, याचे उत्तर प्रश्न २ मध्ये आहेच.

१४. मधल्या जंगलात, जिथे स्थानक नाही, तिथे उतरता येते का?

काही गाड्यांत येते. यांना हात दाखवून थांबवायच्या गाड्या म्हणता येईल. सडबरी-व्हाइट रिव्हर गाडीत आगाऊ सूचना देऊन मैलाच्या खुणेजवळ उतरता येते आणि लोक सामानाच्या डब्यात कनू, म्हणजे लहान होडी, चढवतात. मूसोनीच्या गाडीतही (प्रश्न १५ पाहा) अशी सोय आहे. अल्गोमाच्या गाडीचे तर हेच वैशिष्ट्य होते. नव्या नॉर्थलँडरकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नये. तिचे थांबे ठरलेले आहेत.

१५. गाडी कॉक्रेनला संपते. मग पश्चिमेकडील कापुस्केसिंग, हर्स्ट आणि उत्तरेकडील मूसोनीचे काय?

हर्स्टच्या दिशेने ऑन्टारिओ नॉर्थलँडच्या मालगाड्या जातात, परंतु प्रवाशांसाठी बसच आहे आणि नव्या आराखड्यातही तीच राहील. मूसोनीची गोष्ट निराळी आहे. १९३२ मध्ये तिथे पोहोचलेल्या मार्गावर पोलर बेअर एक्सप्रेस आजही धावते. सुमारे ३०० किलोमीटर आणि पाच तास. २०१२ मध्येही ती थांबवली गेली नाही, कारण मूसोनीला रस्ता नाही. माणसे, किराणा, बर्फावरच्या मोटारसायकली आणि खुल्या डब्यांवर बांधलेल्या मोटारगाड्या असे सर्व ती नेते. नदीपलीकडील मूस फॅक्टरी बेटावर उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून आणि बर्फ बनण्याच्या किंवा फुटण्याच्या काही आठवड्यांत हेलिकॉप्टरने जावे लागते. आज टोरंटोहून येणाऱ्या मूसोनीच्या माणसाला बसने कॉक्रेन गाठून तिथे मुक्काम करावा लागू शकतो. नव्या गाडीची वेळ या गाडीशी जुळली तर तिचा सर्वांत मोठा लाभ जेम्स उपसागराच्या क्री कुटुंबांना होईल.

१६. मी नॉर्थ बे किंवा टिमिन्सला शिकायला जाणार आहे. गाडीच्या भरवशावर राहू का?

घर शोधताना आणि पहिल्या सत्राचा प्रवास आखताना बस गृहीत धरावी. गाडीची तिकिटे ऑन्टारिओ नॉर्थलँडच्या अधिकृत विक्रीत दिसू लागली की मगच तिच्यावर बेत आखावा. ती रोज धावेलच असे नाही, हे प्रश्न ४ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे विमान पकडण्यासाठी टोरंटोला येताना एक दिवस हाताशी ठेवावा. हिवाळ्यात तर ठेवावाच.